माझा मुलगा हिरव्या पट्ट्यात आहे : आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,

सप्रेम नमस्कार.

विजयदुर्ग खाडीच्या काठावरच्या एका गावातून, माझ्या न बोलणाऱ्या मुलासाठी हे पत्र लिहिते आहे. राजापूरच्या काठावरून की देवगडच्या, ते मुद्दाम सांगत नाही. आमच्या अंगणवाडीताईंवर उगाच बालंट यायला नको. या सगळ्यात माझ्यासाठी धावलेलं माणूस तेवढं एकच आहे.

गेल्या आठवड्यात आमच्याकडे बालआरोग्य शिबिर झालं. फलकावर तुमचा हसरा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, 'बालरोग, वाचा, श्रवण, मानसोपचार : सर्व तज्ज्ञ एकाच छताखाली'. ताईंनी आदल्या दिवशी फोन केला होता, "या खेपेक स्पीचवाले येतत हां, चुकवू नको." मी काजू फॅक्टरीत कामाला जाते. किलोवर मजुरी आहे, खाडा झाला की पैसे नाहीत. तरी पहाटेची पहिली एसटी धरली. छत होतं, तज्ज्ञ नव्हते. स्पीच थेरपिस्टच्या टेबलावर नावाची पट्टी, पांढरा टेबलक्लॉथ आणि बिसलेरीची बाटली, एवढंच. खुर्ची रिकामी. विचारलं तर म्हणाले, पद रिक्त आहे, पट्टी आधीच छापून झाली होती.

अकराच्या सुमारास पाहुणे आले आणि त्यांच्या स्वागताला ढोल-ताशा सुरू झाला. मुलं तपासायच्या हॉलमध्ये, साहेब! माझ्या बाबूला मोठा आवाज सोसत नाही. त्याने दोन्ही कान गच्च दाबले, टेबलाखाली शिरला आणि फरशीवर डोकं आपटायला लागला. मी मध्ये हात घातला तर मनगटाला कडकडून चावला. माइकवाल्याने सांगितलं, "बाळाला बाहेर न्या, साहेब बोलतायत." बाहेर व्हरांड्यात एक बाई मला म्हणाल्या, लाड करून ठेवलेत तुम्ही. शेवटी एका डॉक्टरांनी दोन मिनिटं बघितलं, कागदावर 'विशेष काही नाही' असं लिहिलं आणि टॉनिकची बाटली दिली. येताना सगळ्या पालकांना छत्र्या वाटल्या. छत्रीवरही फोटो आहे.

बाबूला पाच वर्षं पूर्ण होत आलीत. त्याला एकही शब्द बोलता येत नाही. आई नाही, पाणी नाही. हाक मारली तर बघत नाही, पण बिस्किटाचा पुडा फाडल्याचा आवाज पडवीतून ऐकतो. चवड्यांवर चालतो. स्टीलच्या डब्याचं झाकण जमिनीवर गरगर फिरवतो आणि ते थांबेपर्यंत त्याच्याकडे टक लावून बघतो, मग परत फिरवतो, तास न् तास. वरणभात सोडून तिसरी वस्तू तोंडात घेत नाही. मासळीच्या वासाने ओकतो, आणि जन्मलाय खाडीकाठी!

सासूबाई म्हणायच्या, "झिलग्यांका उशीरच लागता गे, तेचो बापूस पण उशिराच बोललो." वेखंड उगाळून चाटवलं. देवळात कौल लावला, गाऱ्हाणं घातलं. पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं, कोरोनातलं पोर आहे, माणसं बघितली नाहीत, बोलेल. दुसरे म्हणाले मोबाईल बंद करा. त्यांना कसं सांगू, की याला मोबाईलचंसुद्धा आकर्षण नाही. कुणी म्हणालं बहिरा असेल, कुणी म्हणालं मंद आहे, कुणी हळूच 'ऑटिझमसारखं वाटतंय' म्हणालं आणि पेन खिशात ठेवलं.

आता तुमच्या हिरव्या पट्ट्याकडे येते. बाबूचं वजन पहिल्यापासून चांगलं आहे. अंगणवाडीत दर महिन्याला काट्यावर उभा राहतो, ताई मोबाईलमध्ये आकडा भरतात आणि तो हिरव्या पट्ट्यात जातो. हिरवा म्हणजे उत्तम. पिवळा, लाल असता तर धावपळ झाली असती, घरी लोक आले असते. गरोदरपणात मिळालेल्या माता बाल संरक्षण कार्डावर कोणत्या महिन्यात बाळाने हसायला हवं, बसायला हवं, बोट दाखवायला हवं, शब्द काढायला हवा, त्याची चित्रं छापलेली आहेत. मी ती पानं वाचून झिजवली. अंगणवाडीतली मुलं तपासणाऱ्या आरोग्य पथकाची गाडी आली तेव्हा तेच पान उघडून पुढे धरलं. पथकातल्या मॅडमनी तोंडात बॅटरी मारली, दात बघितले, नखं बघितली, पुढचं मूल घेतलं. जेवणाच्या आधी आणखी दोन अंगणवाड्या उरकायच्या होत्या त्यांना. त्यांना तरी काय बोलू? अकरा महिन्यांच्या कंत्राटावर राबणारी माणसं ती.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला तो कुठे, ठाऊक आहे ना? पालघरला. म्हणजे आमच्याच कोकण किनाऱ्यावर. जन्मतःचं व्यंग, कमतरता, आजार आणि विकासातला विलंब, असे चार गट ठरले. अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणी, संशय आला तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायचं, तिथे बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, फिजिओथेरपिस्ट, स्पीच थेरपिस्ट, विशेष शिक्षक एका जागी. किती छान लिहिलंय! दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. त्याच्या कलम २५ मध्ये आहे, की धोक्यातली मुलं ओळखण्यासाठी सगळ्या मुलांची वर्षातून एकदा तरी तपासणी व्हावी. तुमचंच २०२० चं शैक्षणिक धोरण सांगतं, की मेंदूची ८५ टक्क्यांहून जास्त वाढ सहा वर्षांच्या आत होते. मग हिशेब करा. माझ्या बाबूकडे सव्वा वर्षही उरलं नाही. आणि स्पीच थेरपिस्टच्या त्या रिक्त पदाची जाहिरात 'लवकरच' निघणार आहे.

जिल्ह्याच्या केंद्रात आम्ही गेलो नाही असं समजू नका. तिथे कानाची बेरा तपासणी करायची म्हणून झोपेचं औषध पाजलं. बाबू झोपायचा तो अजूनच पिसाळला, भिंतीवर डोकं आपटायला लागला. नंतर कळलं, मशीन तसंही बंद होतं. पुढची तारीख दिली ती पावसाळ्यानंतरची.

म्हणून कोल्हापूर. करूळ घाट कामासाठी बंद होता तेव्हा भुईबावड्याने गेलो, वळणावळणाला बाबू ओकत होता. खासगीत थेरपीच्या एका सत्राला सातशे रुपये, आठवड्याला तीन सत्रं तरी हवीत म्हणाले. म्हणजे महिन्याला आठ हजार चारशे, गाडीभाडं वेगळं. नवरा मुंबईत कुरिअरच्या गोडाऊनला आहे, डोंबिवलीत चौघांत एक खोली. तो म्हणतो इकडे या. कुठे राहायचं, त्या चौघांत? मी तुमची लाडकी बहीण, दीड हजार येतात खात्यावर. २१०० कबूल केले होते ते राहू द्या. दीड हजारात दोन सत्रं होतात आणि शंभर रुपये उरतात. पण बहीण लाडकी तर भाचा कोण लागतो तुमचा? आमच्याकडे मामा भाच्याचं जावळ काढायला मांडी देतो. तुम्ही छत्री दिलीत.

एसटीत दिव्यांगाला ७५ टक्के सवलत आहे. निरामय योजनेत एक लाखापर्यंत उपचाराचा विमा आहे. आहे सगळं, पण प्रमाणपत्रावर. प्रमाणपत्र तज्ज्ञाच्या निदानावर. निदान रिक्त पदावर. बाबूला काय झालंय हे कुणी लिहूनच दिलेलं नाही, त्यामुळे सरकारच्या लेखी त्याला काही झालेलंच नाही. गावच्या शाळेत विचारायला गेले तर गुरुजी म्हणाले, बोलायला लागला की आणा. पट कमी म्हणून शाळा बंद पडायला आलीय, तरी हा पट नको त्यांना.

माझी रात्र कशी जाते ते सांगते. घर खाडीला लागून आहे आणि बाबूला पाण्याची भूल आहे. संधी मिळाली की धावत सुटतो. भीती कशी ती माहीतच नाही, हाक मारून फिरत नाही, बुडाला तर ओरडणारही नाही. म्हणून मी त्याच्या पायात तान्ह्या बाळाचे घुंगरांचे वाळे बांधलेत, वाढत्या पायाला पुरावेत म्हणून सोनाराकडून तार जोडून घेतली. पाच वर्षांच्या मुलग्याच्या पायात वाळे बघून लोक हसतात. हसू देत. भाकऱ्या थापताना माझा एक कान त्या आवाजावर असतो. आवाज थांबला की हातातलं पीठ तसंच घेऊन धावते. भरतीच्या रात्री मी दाराला पाठ लावून बसते. त्याला झोप अशी नाहीच, दोन-तीन तास. मग सकाळी फॅक्टरी. सुपरवायझर विचारतो, "डोळे का लाल?" काय सांगू, तूर्तास हिरव्या पट्ट्यात आहोत?

आणि कोकणाला काय मिळतं ते आम्ही बघतोय. मुंबई-गोवा महामार्ग २०११ पासून होतोय. कोकणी माणूस सहनशील, गणपतीला खड्ड्यांतून येतो आणि आरती म्हणून परत जातो, हे तुम्हा सगळ्या पक्षांना पाठ झालंय. मालवणला राजकोटावर महाराजांचा पुतळा ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला, तर वर्षाच्या आत त्याहून उंच नवा उभा राहिला. व्हायलाच हवा होता, महाराज आमचेही आहेत. पण मनात आणलं की पैसा मिळतो, माणसं मिळतात, टेंडर निघतं, हेही दिसलं ना! एक स्पीच थेरपिस्ट मिळत नाही? माणूस इकडे यायला तयार नाही म्हणता, तर त्याला कंत्राटावर किती देता ते एकदा फलकावर छापा. आमचे मुलगे मुंबईला पाठवायचे, आमची आजारी माणसं गोव्याला आणि कोल्हापूरला पाठवायची, आणि निवडणुकीला मात्र सगळ्यांना घरी बोलवायचं. कसलं राज्य हे?

मला टॉनिक नको, छत्री तर नकोच, ती परत पाठवते आहे. जिल्ह्याच्या केंद्रात माणूस भरा. पथकाला सांगा, कार्डावरचं ते पान उघडून मुलाच्या आईला दोन प्रश्न विचारा. माझ्या बाबूला एक ठरलेली तारीख द्या, जिला समोर खरोखर कुणीतरी बसलेलं असेल, आणि जे काही असेल ते कागदावर लिहून द्या. कितीही वाईट असलं तरी चालेल.

तारीख कळवायची झाल्यास अंगणवाडीताईंना त्रास देऊ नका, माझा नंबर पाकिटात वेगळ्या चिठ्ठीवर आहे. फोन सकाळी नऊच्या आधी करा. नंतर फॅक्टरीत मोबाईल काढून घेतात.

आपली,
बाबूची आई