दुपारचं ऊन संध्याकाळच्या दुधापर्यंत पोचवा

मा. ऊर्जामंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्यातला, गावात दूध संकलन केंद्र चालवतो आणि घरची खव्याची भट्टी पण आहे. मागच्या मे महिन्यातली गोष्ट सांगतो. संध्याकाळी सातला लाईट गेली, बल्क कुलरमध्ये, म्हणजे दूध थंड करायच्या टाकीत, ४०० लिटर दूध, जनरेटरचं डिझेल तासाभरात संपलं. मग नासलंय का हे दर अर्ध्या तासाला वाटीभर दूध काढून उकळून बघायचं एवढंच हातात होतं, आणि दहाच्या सुमाराला ते वाटीतच फाटलं. शेतकऱ्याचे पैसे तर द्यावेच लागतात साहेब, त्याच्या म्हशीची काय चूक?

आता त्याच दिवशी दुपारी बघा, ऊन मरणाचं, लाईट व्यवस्थित, आणि कुलर रिकामा. आमचं दूध येतं पहाटे आणि दिवस मावळल्यावर, आणि सोलरची वीज येते मधल्या वेळेत, सगळी अडचण ही एवढीच आहे.

साठवण म्हटलं की सगळे बॅटरीचंच बोलतात. पण आम्हाला रात्री वीज नको, गारवा पाहिजे, आणि गारवा बर्फात साठतो. आइस बँक टँक ही काय नवीन गोष्ट नाही, डेअरीवाल्यांना माहीत आहे. दुपारी कॉम्प्रेसर चालवून पाईपांवर बर्फ धरवायचा, संध्याकाळी त्याचंच गार पाणी फिरवून दूध थंड करायचं. १०० लिटर दूध ३५ डिग्रीवरून ४ वर आणायला साधारण ३६ किलो बर्फ वितळतो, म्हणजे माझ्या ४०० लिटरला दीडशे किलोच्या आसपास. लाईट गेली तरी छोटा पंप फिरवायला इन्व्हर्टर पुरतो. बर्फाला ना लिथियम लागतं ना कोबाल्ट.

भट्टीचं पण तसंच आहे. एक किलो खव्याला साधारण पाच लिटर दूध आटवावं लागतं, म्हणजे चार लिटर पाणी उडवायचं, त्यालाच अडीच युनिटएवढी उष्णता जाते, आणि ती आज बाभळीच्या लाकडातून येते. आमची आई तीस वर्षं त्या धुरात कढई हलवत बसली, आता जिना चढताना दम लागतो तिला. फिनलंडमध्ये कांकानपा गावात २०२२ साली १०० टन वाळू विजेनं ५०० डिग्रीपर्यंत तापवून, उष्णता तिच्यात साठवून, त्यावर घरं गरम करायला लागले. तिथं ऊन किती, आणि आमच्याकडे किती! जालन्याच्या लोखंड तापवून सळया काढणाऱ्या रोलिंग मिलला याहून कितीतरी जास्त उष्णता लागते, ते काम मोठं आहे, पण खव्याची कढई शंभर-सव्वाशे डिग्रीतच भागते, मग सुरुवात इथून का नको?

केंद्राने २०२३ ला नियम केला की उन्हाच्या तासात वीज १० ते २० टक्के स्वस्त द्यायची. चांगलंच केलं. पण स्वस्त वीज धरून ठेवायला भांडं नसेल तर आमच्यासारख्याला तिचा काय उपयोग?

म्हणून मागणी दोनच. सोलरच्या योजनेत पॅनलसोबत दूध केंद्राला आइस बँकेचं पण अनुदान द्या. आणि भूम-वाशी भागात पाच-दहा भट्ट्या मिळून उष्णता साठवणीचा एक पायलट, म्हणजे छोटा प्रयोग, करा, साठवलेली उष्णता कढईपर्यंत न्यायला वाफेची लाईन कशी टाकायची, खर्च किती येतो हे एकट्या भट्टीवाल्याला झेपणारं नाही. जागा आम्ही देतो, दूध तर रोजचंच आहे. येत्या उन्हाळ्याच्या आत अधिकारी पाठवा, फक्त त्यांना दुपारी नको, संध्याकाळी सातला पाठवा.

आपला,
भूम तालुक्यातला एक दूधवाला