चांदीला हात लावू दिला नाहीत, त्याबद्दल

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

मुंबईत रेंजफाइंडर कॅमेरे (लेन्समधून नव्हे, वेगळ्या खिडकीतून बघून फोकस करायचे कॅमेरे) वापरणाऱ्या आम्हा काही जणांकडून हे जाहीर आभारपत्र. तुमचं नाव आणि दुकानाचा पत्ता मुद्दामच लिहीत नाही. फोर्टातल्या त्या जिन्याखालच्या टेबलावर ज्यांनी कधी जुना फाइंडर, म्हणजे फोटोत काय येणार ते दाखवणारी, कॅमेऱ्यावर बसवायची छोटी खिडकी, नेऊन ठेवला आहे, त्यांना ओळख पटेलच.

तुमचे सगळ्यांत मोठे उपकार चांदीबद्दलचे. जुन्या आल्बाडा पद्धतीच्या फाइंडरमध्ये डोळ्याजवळच्या काचेभोवती फोटोची हद्द दाखवणारी पांढरी चौकट रंगवलेली असते आणि समोरच्या काचेच्या आतल्या अंगाला चांदीचा अर्धपारदर्शक थर असतो. चौकट त्या थरावरून परावर्तित होते, म्हणून दृश्यावर तरंगताना दिसते. चौकटीवर उजेड पडतो तो समोरूनच. त्यामुळे इराण्याच्या अंधाऱ्या हॉटेलात ती पुसट झाली तर तो बिघाड नव्हे. भर दुपारी मरीन ड्राइव्हवरही दिसेना, तर मात्र थर गेला असं समजायचं. हा थर स्पिरिट, अमोनिया किंवा नुसत्या कोरड्या कापसानेही निघून येतो, कापसावर राखाडी डाग दिसतो तीच आपली चौकट. मग निर्वात यंत्रात पुन्हा मुलामा चढवल्याशिवाय इलाज नाही. फाइंडर समोरून तिरका धरून आरशासारखी झाक दिसते का, ते आधी बघायचं आणि दिसली तर उघडायचंच नाही, हे तुम्ही प्रत्येकाला सांगितलंत. कितीतरी फाइंडर तुम्ही फक्त बाहेरच्या काचा पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून परत दिलेत. पैसे घेतले नाहीत. त्यातल्या बहुतेकांची चौकट आज शाबूत आहे ती त्यामुळेच.

ज्यात चांदी नाही, त्या साध्या फाइंडरचं तंत्र वेगळं. पुढे अंतर्गोल काच, मागे बहिर्गोल, आणि काच धरून ठेवणारी दोन खाचांची रिंग. खाचांत बसणारी चावी विकत मिळत नाही म्हणून कंपासपेटीतल्या डिव्हायडरची टोकं कानशीने चपटी करायला तुम्हीच शिकवलंत. रिंग अडली तर आट्यांवर लायटरच्या पेट्रोलचा एक थेंब सोडायचा आणि दहा मिनिटं थांबायचं, जोर लावला की चावी घसरून काचेवर ओरखडा येतो. काच काढण्याआधी तिची बाहेरची बाजू कडेला पेन्सिलने खूण करून ठेवायची, कारण उलटी बसली की कडा वाकड्या दिसतात आणि कारण सापडत नाही. फंगस असेल तर ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि घरगुती अमोनिया समप्रमाणात, खिडकी उघडी ठेवून, कापसाच्या काडीने लावायचं. दोन-तीन मिनिटांनी डिस्टिल्ड पाण्याने पुसायचं. त्यानंतरही जाळी दिसली तर फंगसने काचच खाल्ली आहे, घासून उपयोग नाही. कडेला इंद्रधनुषी रंग दिसले तर दोन काचा एकमेकींना चिकटवणारा डिंक, कॅनडा बाल्सम, सुटू लागलेला असतो, ती काच भिजवायची नाही.

आणि ती भिंतीवरची परीक्षा! ३५ मिमी फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटर. तिच्या शंभरपट, म्हणजे ३.६ बाय २.४ मीटरची चौकट मास्किंग टेपने भिंतीवर आखायची. लेन्सवर लिहिलेल्या फोकल लांबीच्या मिलिमीटरला दहाने भागलं की उभं राहायचं अंतर मीटरमध्ये मिळतं: २८ ला २.८, ३५ ला ३.५, ५० ला ५, ९० ला ९. आपल्या घरांत एवढी मोकळी भिंत कुठली, म्हणून गच्चीवरची टाकी किंवा सोसायटीचं पार्किंग. फाइंडरमध्ये टेपच्या आतलंच दिसलं तर चिंता नाही, फोटोत थोडं जास्त येईल. टेपच्या बाहेरचंही दिसत असेल तर डोकी छाटली जाणार, म्हणजे फाइंडर चुकीच्या लेन्सचा आहे किंवा कोणीतरी आतली काच बदलली आहे. पाच लेन्सांसाठी पाच डोळे फिरवून वापरायच्या रशियन टरेट फाइंडरला ही परीक्षा पाचही लेन्सना घ्यावी लागते. एक बरोबर निघाली म्हणून बाकीच्यांवर विश्वास ठेवता येत नाही.

कीव्ह किंवा झॉर्की-४ सारख्या, मागचं झाकण निघणाऱ्या कॅमेऱ्यात याहून पक्की खात्री होते. फिल्मच्या जागी ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवायचा, शटर बी वर (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं राहणाऱ्या खुणेवर) उघडं धरायचं आणि कागदावरचं चित्र फाइंडरशी ताडून बघायचं. पॅरलॅक्स, म्हणजे फाइंडर आणि लेन्स वेगवेगळ्या जागेवरून बघत असल्याने दृश्यात पडणारा फरक, इथेच डोळ्यांना दिसतो. फाइंडर लेन्सच्या ६ सेंमी वर असेल, तर १ मीटरवर ३५ ची लेन्स साधारण ६६ सेंमी उंचीचं दृश्य घेते, त्यातला अकरावा भाग सरकतो. ९० ची घेते जेमतेम २४ सेंमी, तिथे चौथा भाग! म्हणून जवळच्या फोटोला फाइंडरची पॅरलॅक्स डायल अंतराप्रमाणे लावायला विसरू नका, हे तुम्ही दर भेटीत बजावता.

फाइंडरच्या पायाचंही सांगायला हवं. पाय कॅमेऱ्यावरच्या शूमध्ये, म्हणजे खाचेत, सैल बसला की लोक पक्कडीने वाकवतात आणि चौकट कायमची तिरकी होते. पायाखाली ०.१ मिमी पितळी पत्र्याचा तुकडा सरकवायचा, बस्स. दादरच्या गर्दीत फाइंडर निसटू नये म्हणून दोरीची गाठ वेगळी.

जूनपासून फाइंडर चामड्याच्या पाकिटाबाहेर, हवाबंद डब्यात, सिलिका जेलसोबत, आर्द्रता ५० टक्क्यांच्या आत. चामडं ओल धरतं, ही साधी गोष्ट आम्हाला तुमच्याकडे येईपर्यंत माहीत नव्हती.

तुमची ती घासलेल्या टोकांची चावी सध्या आमच्यात हातोहात फिरते आहे. पुढच्या शनिवारी दुकानात आणून देतो, सोबत नवा डिव्हायडरही.

आपले,
रेंजफाइंडरवाले