शहराने माझ्यासाठी भरून ठेवलेली घागर

आदरणीय शेजारचे आजोबा,

आपल्याला मराठी येत नाही हे ठाऊक असूनही हे पत्र मी मराठीत लिहीत आहे. माझी मुलगी ते आपल्याला जर्मनमध्ये वाचून दाखवीलच. पण व्हिएन्नाला नव्याने येणाऱ्या मराठी कुटुंबांच्याही ते नजरेस पडावे, अशी इच्छा आहे.

आम्ही राहायला आलो त्या हिवाळ्यात मी रोज रात्री दोन पातेली आणि एक कळशी भरून ठेवीत असे. आमचे पार्सल द्यायला आपण आलात, ओट्यावरची झाकलेली भांडी पाहिलीत आणि काळजीने विचारलेत, "उद्या पाणी बंद आहे का?" मी खजील झाले. आपण मात्र हसला नाहीत. नळ सोडून धारेखाली बोटे धरलीत आणि पाणी गार लागू लागल्यावर पेला भरून माझ्या हाती दिलात. इमारत जुनी असल्याने आतले पाइप शिशाचे असू शकतात, हेही आपणच सांगितलेत आणि पाण्याचा नमुना तपासणीला पाठवण्याचा अर्ज माझ्याकडून भरून घेतलात. त्याबद्दल मी आपली ऋणी आहे.

त्याहून मोठे ऋण काइझरब्रुनच्या, म्हणजे व्हिएन्नाला पाणी पुरवणाऱ्या आल्प्समधल्या झऱ्याच्या, सहलीचे आहे. विहिरींच्या दूषित पाण्याने आणि कॉलऱ्याने हैराण झालेल्या या शहराने भूगर्भशास्त्रज्ञ एडुआर्ड झ्यूस यांचे ऐकून थेट आल्प्समधल्या झऱ्यांना हात घातला, आणि 24 ऑक्टोबर 1873 रोजी श्वार्त्सेनबर्गप्लात्झ या चौकात कारंजे उडवून पहिल्या जलवाहिनीचे उद्घाटन झाले, ही हकीकत मी तिथे आपल्या तोंडून ऐकली. 1910 मध्ये होखश्वाब डोंगराकडून दुसरी वाहिनी आली. दोन्हींचे पाणी केवळ उतारावरून, एकाही पंपाशिवाय शहरापर्यंत येते. पहिलीतून यायला साधारण एक दिवस लागतो. म्हणजे माझ्या पेल्यातले पाणी काल डोंगरात होते! चुनखडीच्या खडकातून पाणी झपाट्याने झिरपते, त्यामुळे वरच्या कुरणात पडलेली घाण झऱ्यात उतरायला वेळ लागत नाही; म्हणून तिथली जंगले शहर स्वतः राखते आणि मोठ्या पावसानंतर झरा गढूळ झाला की ते पाणी वाहिनीत न घेता सोडून देते.

परतताना मी विचारले, झरा तर रात्रंदिवस वाहतो, मग सगळे झोपलेले असताना त्या पाण्याचे काय होते? "शहरही तुमच्यासारखीच घागर भरून ठेवते," असे म्हणून आपण मला नॉयझीडल आम श्टाइनफेल्ड इथल्या, 1950च्या दशकात बांधलेल्या, 60 कोटी लिटर पाणी मावणाऱ्या झाकलेल्या टाक्यांविषयी सांगितलेत. मला त्या सवयीची लाज वाटू नये म्हणून आपण ही उपमा योजलीत, हे घरी आल्यावर माझ्या लक्षात आले.

पातेली आता रिकामी असतात. कळशी अजून भरते; सकाळी ते पाणी आपण दिलेल्या जिरेनियमला घालते.

आपली कृतज्ञ,
शेजारीण