लोअर आर्मचा जाम बोल्ट

मिसिसागा, ओंटारिओ

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

फोटो आणि व्हिडिओ नीट पाहिले. लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचा, बोल्ट निघत नाही म्हणून गॅरेजवाला सबफ्रेमच (आर्म जिला जोडलेला असतो ती लोखंडी चौकट) बदला म्हणतोय, त्याला एवढ्यात होकार देऊ नका. व्हिडिओत नट उतरलेला आहे, बोल्टाचं डोकं पान्याने थोडं फिरतंय आणि पाना सोडला की ते आपसूक मागे येतंय. निदान त्या मागे येण्यातच आहे. आट्यांत अडकलेला बोल्ट असा परतत नाही. तुमचा बोल्ट बुशच्या, म्हणजे आर्मच्या सांध्यातल्या रबरी तुकड्याच्या, आतल्या लोखंडी नळीला चिकटलाय. तो फिरवला की नळीही फिरते, भोवतीचं रबर पिळलं जातं आणि जोर काढला की रबर दोघांना जागेवर आणून सोडतं. सबफ्रेमचा यात काही दोष नाही. जाईल तो बोल्ट आणि बुश, आणि बुश तर फाटला म्हणूनच हे काम निघालंय.

त्या नळीत बोल्ट जेमतेम सैल असतो. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली की त्या फटीत पाणी शिरतं आणि सहज सुकत नाही. माहीमच्या खाऱ्या हवेत उघड्यावर उभी राहणारी गाडी असेल तर विचारायलाच नको. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, म्हणून फट आतून ठासून भरते. इथे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे हाच बोल्ट इकडच्या गॅरेजांची रोजची डोकेदुखी आहे.

मिस्त्रीला घण हातात घेऊ देण्याआधी एक काम करायला सांगा. गाडी दोन्ही बाजूंनी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) हवी, नुसत्या जॅकवर नको. कंपाउंडमध्ये पेव्हर ब्लॉक असतील तर घोडीखाली जाड प्लायवुडचा तुकडा द्या, नाहीतर पाय रुततात. मग आर्मला जोडलेली स्टॅबिलायझर लिंक आणि चाकाकडचा बॉलजॉइंट सोडवून आर्म मोकळा करा आणि खाली छोटा जॅक लावून त्याचं वजन उचलून धरा. आर्म लटकत असेल तर बोल्टावर आडवा भार राहतो आणि सुटायला आलेला बोल्टसुद्धा हलत नाही. ही पायरी सगळे गाळतात.

गंज सोडवणारं तेल दोन्ही टोकांना मारून रात्रभर ठेवायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर राहू नका. नळी पाच-सहा सेंटीमीटर लांब, आत गंज गच्च, तेल दोन्हीकडून थोडंच आत जातं. नंतर नट परत चढवायचा, बोल्टाच्या टोकाशी समतल येईल इतकाच. याने आटे वाचतात आणि टोक पसरत नाही. टोक पसरलं तर सुटलेला बोल्टही सबफ्रेमवरच्या ब्रॅकेटच्या भोकातून जात नाही. बोल्टाच्या डोक्याकडच्या पाळीला (ब्रॅकेटच्या पत्र्याला) बाहेरून मोठ्या सॉकेटचा आधार द्या. डोकं सॉकेटच्या पोकळीत यायला हवं, नाहीतर पाळी वाकते. दीड-दोन किलोच्या हातोड्याने सरळ, जड ठोके मारा. त्याच वेळी दुसऱ्याने लांब दांड्याने डोकं पुढे-मागे फिरवत राहायचं. सॉकेट सहा कोनांचंच घ्या, बारा कोनांचं गंजलेल्या डोक्याचे कोपरे खातं. दहा-पंधरा ठोक्यांत एक मिलीमीटरही सरकला नाही तर थांबा. पुढचे पन्नास ठोके फक्त ब्रॅकेटला लागतात.

इथे मिस्त्री गॅस पेटवेल. त्याला थांबवा. तापवणं कामाचं असतं ते बाहेरचा नट फुगवून आतल्या बोल्टावरची पकड सैल करायला. इथे बोल्ट आणि नळी दोन्ही जवळजवळ बरोबरच तापतात, म्हणून फायदा थोडा आणि रबर मात्र पेटतं, काळा धूर सोडतं. काही गाड्यांत बुशमध्ये द्रव भरलेला असतो, तो तापून फुटू शकतो. शिवाय तुमची गाडी सीएनजीवर आहे, नळ्या खालूनच जातात. ब्रेकची होज, ड्राइव्ह शाफ्टचं रबरी बूट आणि एबीएसची वायर तर हाताच्या अंतरावर.

म्हणून कापायचं. बोल्ट नवा येणार, आर्म नवा येणार, मग वाचवायचं आहे ते फक्त ब्रॅकेट. नळीचं टोक ब्रॅकेटच्या पाळीला टेकतं, त्या सांध्यात पातं घालून नळी आणि बोल्ट एकदम कापा, आधी एका बाजूला, मग दुसऱ्या. रेसिप्रोकेटिंग सॉ (पुढे-मागे चालणारी विजेची करवत) आणि बायमेटल पातं मिळालं तर उत्तम, ठिणग्या जवळजवळ नाहीत. वेग कमी ठेवा आणि तेलाचा थेंब टाकत राहा. बोल्ट कठीण असतो, घाईने पात्याचे दात जातात आणि मग लोक पात्याला शिव्या देतात. ग्राइंडरच असेल तर एक मिलीमीटर जाडीची चकती लावा आणि पातं बुशच्या बाजूला झुकवा. नळीवर चरा पडला तर पडू दे, पाळीवर पडता कामा नये. ग्राइंडर म्हणजे ठिणग्या, तेव्हा सीएनजीचा व्हॉल्व्ह बंद, खालच्या नळ्यांवर ओलं गोणपाट, अग्निशामक हाताशी, डोळ्यांवर चष्मा. दोन्ही काप पूर्ण झाले की आर्म खाली येतो आणि ब्रॅकेटमधले उरलेले दोन तुकडे बाहेर ढकलता येतात.

पलीकडचा आर्म सोडताना आधी नट कुठे आहे ते बघा. बऱ्याच सबफ्रेममध्ये एखादा नट आत वेल्ड केलेला असतो आणि तिथे जबरदस्ती केली तर खरंच सबफ्रेमचं काम निघतं. असा बोल्ट आधी किंचित घट्ट करून गंज मोडायचा, मग पाव फेरा सोडायचा, त्यातला अर्धा परत घ्यायचा, तेल टाकायचं. आवाज करत घट्टच राहिला तर तापवायचा तो नट, बोल्ट नाही. एकदम मोकळा फिरायला लागला आणि बाहेर येईना, तर वेल्ड तुटलंय. मग सबफ्रेमला खिडकी कापून नट धरावा लागतो. बोल्ट आतच तुटला तर मधोमध पंच मारून 5 मिलीमीटरचं भोक आधी, मग मोठं. एम12 (12 मिलीमीटर जाडीच्या) बोल्टाच्या 1.75 पिचला, म्हणजे दोन आट्यांमधल्या अंतराला, 10.2 आणि 1.25 पिचला 10.8 चं ड्रिल, आणि शेवटी आटे पाडायचा टॅप. पिच मोजल्याशिवाय टॅप लावू देऊ नका.

आर्म बुश आणि बॉलजॉइंटसकट पूर्ण घ्या. नुसता बुश प्रेसवर दाबून बसवायचा म्हणजे मजुरीत पैसे गेले. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आर्म मिळेल. बोल्ट आणि नट मात्र कंपनीच्याच काउंटरवरून आणा. नागदेवी स्ट्रीटला 10.9 ग्रेडचा (मजबुतीच्या दर्जाचा) बोल्ट सहज मिळतो, पण फ्लँज (डोक्याखालची रुंद कड), आटे नसलेल्या दांड्याची लांबी आणि पिच तिन्ही जुळायला हवं. आटे नळीच्या आत आले तर बोल्ट तिथे कमजोर पडतो. डोक्यावर ग्रेडचा आकडाच नसलेला बोल्ट फुकट दिला तरी घेऊ नका.

बसवताना ब्रॅकेटची आतली बाजू वायर ब्रशने साफ करा. अँटीसीझ (बोल्ट चिकटू न देणारी) ग्रीस फक्त दांड्याला, पातळ हात. आट्यांना नको, कारण कंपनीचा टॉर्क (किती जोराने आवळायचं तो आकडा) त्या ग्रीसचा हिशेब धरून दिलेला नसतो. ग्रीस लागली की तोच आकडा बोल्ट जास्त ताणतो. काही गाड्यांत टॉर्कनंतर ठरावीक अंश फिरवायचं असतं, म्हणून आकडा मॅन्युअलमधलाच घ्या. मिस्त्रीचा "हाताचा अंदाज" इथे चालत नाही, टॉर्क रेंच आणायला सांगा.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. शेवटचा टॉर्क चाक हवेत असताना द्यायचा नाही. आतली नळी आवळली की ती ब्रॅकेटला घट्ट धरते आणि रबर त्याच स्थितीत बांधलं जातं. चाक लटकतं ठेवून आवळलं तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि नवा बुशही लवकर फाटतो. आधी बोल्ट नुसते टेकवा, गाडी चाकांवर उतरवा किंवा आर्मखाली जॅक देऊन गाडी घोडीवरून उचलू लागेपर्यंत वर घ्या, आणि मगच टॉर्क. त्यानंतर व्हील अलाइनमेंट.

नव्या बोल्टाच्या डोक्याचा आणि कापण्याआधी त्या सांध्याचा फोटो पाठवा, मिस्त्रीला वेळ असेल तर व्हिडिओ कॉलवर बोलतो. काकूंना नमस्कार.

तुमचा पुतण्या