माळेतला वेगळा मणी

महोदय,

संस्कारवर्गाची फी भरली की आपली जबाबदारी संपली, असे बऱ्याच पालकांना वाटते. आमच्या नौपाड्यातल्या घरी देव्हाऱ्याजवळ माझ्या सासऱ्यांची तुळशीची माळ आहे. त्यात एक मणी वेगळ्या रंगाचा. नातवाने विचारले, "हा असा का?" मग सांगितले: आळंदीहून पंढरपूरला पायी जाताना दिवेघाटात पावसात माळ तुटली, एक मणी काही सापडेना. शेजारी चालणाऱ्या अनोळखी वारकऱ्याने स्वतःच्या माळेतला मणी काढून दिला, आणि मग दोघे एकमेकांच्या पाया पडले. वारीत वय, जात बघत नाहीत; समोरचा माउलीच.

दुसऱ्या दिवशी पठ्ठ्या आमच्या वॉचमनकाकांच्या पाया पडला! ते बिचारे गांगरलेच.

सध्या ठाण्यात जुन्या इमारतींचा पुनर्विकास जोरात आहे. घर रिकामे करताना पोथ्या, टाक, माळा पिशवीत भरून पिंपळाखाली ठेवलेल्या दिसतात. तशी पिशवी बांधण्याआधी ती एकदा मुलांसमोर उघडा आणि कोणती वस्तू कोणाची, एवढे तरी सांगा.

– एक आजी, नौपाडा, ठाणे