शाळेच्या वेळापत्रकात ओहोटीलाही जागा द्या

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : प्राथमिक शाळांसाठी ओहोटीच्या वेळी किनारा भेट सुरू करण्याबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार. मुंबईत तिसरी-चौथीच्या मुलांना परिसर अभ्यास शिकवणारी शिक्षिका या नात्याने आपणास ही विनंती करीत आहे. १९५१ साली सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय बंद पडल्यापासून समुद्री जीव दाखवायला मुलांना न्यावे कुठे, हा प्रश्न शाळांपुढे आहे. नवे मत्स्यालय व्हायलाच हवे; परंतु ते होईपर्यंत, आणि झाल्यानंतरही, हाजीअली किंवा कार्टर रोडच्या खडकांवर ओहोटीत जे उघडे पडते ते काचेआड दाखवता येणार नाही.

खडकातल्या डबक्यापाशी मुलांना थोडा वेळ शांत बसवले, की मेलेला वाटणारा एखादा शंख हळूच चालू लागतो. आत खेकडा असतो. त्याचे पोट मऊ असल्यामुळे तो रिकाम्या शंखात राहतो आणि अंगाने वाढला की मोठा शंख शोधतो. एवढे डोळ्यांनी पाहिलेल्या मुलाला ‘शंख-शिंपले घरी नेऊ नका’ असे बजावावे लागत नाही. खिशात टाकलेला शंख ते आपणहून जागच्या जागी ठेवते. संवर्धनाचे पाठ्यपुस्तकातले प्रश्नोत्तर हे काम करू शकत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

अडचण आहे ती वेळेची. मोठी ओहोटी अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास येते आणि मुंबईत त्या दिवसांत भर दुपारी भरती असते, तर पाणी सर्वांत मागे हटते ते भल्या सकाळी आणि संध्याकाळी. म्हणजे ठराविक वारी, ठराविक तासाला काढलेल्या सहलीत मुलांच्या वाट्याला बहुधा नुसते पाणीच येते. म्हणून भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून नोव्हेंबर ते फेब्रुवारीदरम्यानच्या सोयीच्या तारखा विभागानेच शाळांना कळवाव्यात आणि त्या दिवशी शाळेची वेळ बदलण्याची मुभा मुख्याध्यापकांना द्यावी.

सोबत वरळी, वर्सोवा, माहीम येथील कोळी बांधव-भगिनींना मानधन देऊन बोलवावे, ही माझी आग्रहाची मागणी आहे. पापलेटला २०२३ मध्ये राज्यमाशाचा मान मिळाला, हे मुले पाठ करतील. पण एकदाही अंडी न घातलेले तळहाताएवढे पापलेट जाळ्यात आले तर पुढच्या वर्षी काय होते, हे मासळी विकणाऱ्या मावशी जितके नेमके सांगतील तितके आम्हा शिक्षकांना सांगता येणार नाही. २०१८ मध्ये वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले दिसली, ती गोष्टही तिथल्याच माणसांच्या तोंडून ऐकलेली बरी.

पालकांना सुरक्षिततेची काळजी वाटते आणि ती रास्त आहे. दर पाच मुलांमागे एक मोठे माणूस, पायात घट्ट बूट, शंखांना व जेलीफिशना हात न लावण्याची सक्त सूचना आणि पाणी चढू लागण्यापूर्वी परतणे, एवढे नियम परिपत्रकातच घालावेत. गर्दी झाली तर खडकांवरचे जीव पायाखाली चिरडले जातील, त्यामुळे एका वेळी एकच तुकडी न्यावी.

जूनमध्ये शाळा सुरू होण्यापूर्वी हे परिपत्रक निघाले, तर याच हिवाळ्यात पहिल्या तुकड्या किनाऱ्यावर नेता येतील. तारखांचा तक्ता करण्यासाठी आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी मी माझा वेळ विनामोबदला देण्यास तयार आहे.

आपली विश्वासू,
एक प्राथमिक शिक्षिका, मुंबई