टाळेबंदीच्या वर्षी माझ्या दादावर उपचार करणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सादर नमस्कार.

सप्टेंबर २०२० मध्ये, मुंबईत रुग्णालयात खाट मिळणे मुश्कील झालेले असताना, आपण महापालिका रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात माझ्या थोरल्या भावावर उपचार केलेत. त्याबद्दलचे आभार मी उघडपणे मानत आहे, कारण दादाचे यकृत दारूने बिघडले होते ही गोष्ट झाकून ठेवली, तर आपण काय केलेत हे सांगताच येणार नाही.

मार्चमध्ये दारूची दुकाने बंद झाली तेव्हा दादाचे हात थरथरू लागले होते. मे महिन्यात मुंबईत घरपोच दारू मिळू लागली, त्यातच त्याचे काम सुटले, आणि काळाचौकीच्या एवढ्याशा खोलीत पिण्याला वेळकाळ उरला नाही. पुढे डोळे पिवळे झाले, पोट फुगले, पायांवर सूज आली. तरी रुग्णालयात गेलो तर कोरोना गाठेल, या धास्तीने सगळे थांबून राहिले. अखेर ज्या खासगी नर्सिंग होममध्ये नेले, तिथे पिणाऱ्यांसाठी खाटा नाहीत, असे वहिनींना तोंडावर ऐकवण्यात आले.

आपण मात्र पहिला प्रश्न विचारलात तो "शेवटची कधी घेतली होती?" असा, आणि तोही इतक्या साधेपणाने की दादाने खरे ते सांगून टाकले. त्या उत्तराला एवढे महत्त्व का, हे आपण मला नंतर फोनवर समजावलेत. रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली की दोन-तीन दिवसांत झटके किंवा भ्रम होऊ शकतो, यकृत थकले तरीही माणूस बरळू लागतो, आणि दोन्हींवरचे उपचार वेगळे असतात. ग्लुकोजच्या आधी बी-१ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन, पोटातले पाणी सुईने काढताना शिरेतून अल्ब्युमिन हे प्रथिन, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांतून रक्तस्राव होऊ नये म्हणून दुर्बिणीतून बँड, हे सारे कोविडच्या धावपळीतही वेळेवर झाले. पीपीई किटमध्ये घामाने निथळत आपण रोज दादाला दोन्ही हात पुढे करून, वाहतूक पोलीस गाडी थांबवतो तसे, पंजे उभे धरायला लावत होतात. वहिनींनी व्हिडिओ कॉलवर ते पाहिले आहे. पंजे फडफडणे ही यकृताच्या बिघाडाचा मेंदूवर परिणाम होत असल्याची खूण; ते फडफडले की आपण आजचा वार विचारायचात आणि शौचाला किती वेळा झाली याची चौकशी करून लॅक्टुलोज या पोट साफ करणाऱ्या औषधाचे प्रमाण ठरवायचात.

मी कल्याणला राहतो. लोकल सर्वसामान्य प्रवाशांना बंद होत्या आणि वॉर्डात नातेवाइकांना प्रवेश नव्हता, त्यामुळे आपला संध्याकाळचा फोन हाच आमचा आधार होता. घरातली वडीलधारी माणसे काविळीसाठी झाडपाला आणि उसाचा रस यांचा आग्रह धरत होती. त्यांचा मान राखून आपण सांगितलेत की असले औषध यकृताला आणखी इजा करू शकते, याला मीठ कमी पण डाळ, अंडी पोटभर द्या, झोपण्यापूर्वीही थोडे खायला द्या, आणि अंग दुखले तरी मनाने वेदनाशामक गोळी देऊ नका. घरी कसे सांभाळायचे, हे आम्हाला एवढ्या तपशिलाने दुसऱ्या कोणीही सांगितले नव्हते.

पुढे माझ्या वाचनात आले की इंग्लंडमध्ये २०२० साली दारूजन्य यकृतविकाराने झालेले मृत्यू आदल्या वर्षापेक्षा सुमारे २० टक्क्यांनी वाढले. आपल्या वॉर्डात दादाच्या शेजारच्या खाटांवरही असेच पिवळ्या डोळ्यांचे, फुगलेल्या पोटाचे तरुण होते. सगळ्या शहराचे लक्ष ऑक्सिजनकडे लागलेले असताना या माणसांचाही आजार हा आजारच आहे, हे आपण धरून राहिलात, याचे मला फार मोठे अप्रूप वाटते.

दादाने त्यानंतर दारूला हात लावलेला नाही. सिरॉसिस, म्हणजे यकृत कायमचे कडक होणे, आहेच, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी होते. तो एएच्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट) सभांना जातो आणि नव्याने आलेल्यांना, दारू सोडायची तर आधी डॉक्टरांना भेटा, हे आवर्जून सांगतो. वॉर्डातल्या सिस्टर, मावशी आणि मामा यांची नावे आम्हाला किटमुळे कधी कळलीच नाहीत. त्यांच्यापैकी कोणी भेटल्यास आमचे आभार कृपया त्यांच्यापर्यंतही पोहोचवावेत.

आपला कृतज्ञ,
एका रुग्णाचा धाकटा भाऊ